कर्करोग आणि ताटातल्या वनस्पती: काय करावे, काय टाळावे

काय करावे

१. बटाटा न धरता भाज्या आणि फळे मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम खा.
२. हळद रोजच्या फोडणीतच घाला. स्वयंपाकाला तेवढी पुरते.
३. लसूण ठेचून दहा मिनिटे तसाच ठेवा, मग शिजवा. ॲलिसिन हे लसणातले क्रियाशील द्रव्य ठेचल्यावरच तयार होते.
४. टोमॅटो तेलात शिजवून खा. लायकोपीन हे त्यातले लाल रंगद्रव्य अधिक शोषले जाते.
५. ब्रोकोली चिरून थोडा वेळ ठेवा आणि हलकी वाफवा; फार शिजवल्यास सल्फोराफेन हे तिच्यातले क्रियाशील द्रव्य तयार करणारे विकर नष्ट होते.
६. ज्वारी, नाचणी, सालासकट कडधान्ये खा. चोथ्यामुळे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका घटतो.
७. शेंगदाणे निवडून घ्या, बुरशी आलेले फेका. बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष भाजूनही पूर्ण जात नाही.
८. केमोथेरपीत (केमो) रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यास भाज्या शिजवून आणि फळे धुऊन, सोलून खा.
९. घेत असलेला प्रत्येक काढा, चूर्ण, कॅप्सूल डबीसकट डॉक्टरांना दाखवा.

काय टाळावे

१. एखाद्या वनस्पतीने प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मेल्याची बातमी वाचून स्वतःचा डोस ठरवू नका.
२. मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल परस्पर घेऊ नका. त्यामुळे इतर औषधांचे रक्तातले प्रमाणही बदलू शकते.
३. शस्त्रक्रियेच्या तोंडावर लसणाच्या कॅप्सूल घेऊ नका. रक्तस्राव वाढू शकतो.
४. धूम्रपान करत असाल तर बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेऊ नका. १९९४ आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसला.
५. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या घेऊ नका. यकृताला इजा होऊ शकते, आणि बोर्टेझोमिब हे कर्करोगावरचे औषध चालू असेल तर मुळीच नकोत.
६. सदाफुलीची पाने चावू नका. व्हिनक्रिस्टिन हे केमोचे औषध तिच्यातलेच, पण ते शुद्ध करून, मोजून शिरेतून देतात.
७. कडू जर्दाळूच्या बिया खाऊ नका. पोटात सायनाइड तयार होते.
८. वनस्पतीची म्हणून सुपारी निरुपद्रवी समजू नका. तंबाखूविनाही ती कर्करोगकारक आहे.
९. काढ्याच्या भरवशावर केमोची तारीख चुकवू नका. गाठ तुमच्यासाठी थांबत नाही.