लक्ष न लागणारे मूल : अवधानन्यूनतेची ओळख आणि वैद्याचे दायित्व

प्रथम सत्राचे निकाल हाती आले की सावेडीतील आमच्या चिकित्सालयात एक प्रश्न हमखास येतो. ‘‘डॉक्टर, याचं अभ्यासात अजिबात लक्ष नाही हो, ब्राह्मीचं काही देता का?’’ पाइपलाइन रस्ता असो वा गुलमोहर रस्ता, शाळा आणि शिकवणी यांच्यामध्ये धावणाऱ्या मुलांचे पालक ही मागणी घेऊन येतात आणि आपणही बहुधा घृताची बाटली पुढे करतो.

काही वर्षांपूर्वी आम्हीही तेच केले. आठ वर्षांचा एक चंचल मुलगा आला. त्यास तीन महिने ब्राह्मीघृत दिले, उपशय मिळाला नाही. मग रात्रीची झोप विचारली. मुलगा तोंड उघडे ठेवून घोरत असे. कर्णनासाकंठ तज्ज्ञांनी नाकामागील वाढलेल्या ग्रंथी काढल्या आणि त्याची चंचलता बरीच ओसरली. खरी चूक निराळीच होती. त्याची दहा वर्षांची बहीण प्रत्येक वेळी बाकावर शांत बसलेली असे. आई म्हणे, ‘‘हिचं काही नाही, ही गरीब आहे, फक्त विसरभोळी.’’ अवधानन्यूनता होती ती त्या मुलीस! निदान झाले दोन वर्षांनी, आणि तोवर आपण ‘ढ’ आहोत अशी तिची पक्की समजूत झाली होती.

अशा मुलांचे शास्त्रीय वर्णन इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये केले. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात ‘अवधानन्यूनता’ हे नाव आले. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीप्रमाणे अवधानाची नऊ आणि अतिचंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणे मानतात. दोहोंपैकी एका गटातील किमान सहा लक्षणे सहा महिने टिकलेली असावीत, काही लक्षणे बारा वर्षांपूर्वीच दिसलेली असावीत, ती घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळावीत आणि त्यांमुळे मुलाचे व्यवहार अडावेत. जगभरात सुमारे ५ टक्के मुलांत हा विकार आढळतो. केवळ वर्गात दिसणारी वा केवळ आजोळी दिसणारी चंचलता म्हणजे हा विकार नव्हे.

मुलींमध्ये पहिला गटच अधिक दिसतो, म्हणून त्या सुटतात. कंपासपेटी, डबा, छत्री वारंवार हरवणे. गणिताची रीत बरोबर पण आकडा चुकीचा उतरवणे. काम सुरू करून अर्धवट टाकणे. समोर बोलत असता ऐकत नाहीशी वाटणे. ही मुले कोणास त्रास देत नाहीत, त्यामुळे शिक्षकांची चिठ्ठीही येत नाही.

संहितांमध्ये या विकाराचे नाव शोधू नये, ओढाताणीने ते सापडवूही नये असे आमचे मत आहे. मात्र विचारास आधार निश्चित आहे. चरकाचार्यांनी इंद्रियांचे नियमन आणि स्वतःचा निग्रह ही मनाची कर्मे सांगितली आहेत. ‘टीव्हीपुढे दोन तास हलत नाही, मग लक्ष नाही कसे?’ या पालकांच्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते. आवडीचा विषय मनास ओढून धरतो. नावडत्या विषयावर मन आपणहून धरून ठेवण्याचे स्वनिग्रहाचे कर्म उणे पडते. दुसरी सावधगिरी प्रकृतीची. वातप्रकृतीचे मूल चपळ, लवकर ग्रहण करणारे व लवकर विसरणारे असतेच. प्रकृतीस विकृती म्हणणे हाही अपराधच होय.

निदानापूर्वी दृष्टी व श्रवण तपासावे. रक्तक्षय, निद्रा, अध्ययन-अक्षमता, घरातील कलह, माध्यमाच्या भाषेचा भार यांचा विचार करावा. एका विकाराकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. मूल काही सेकंद शून्यात पाहते, हाक मारून वा स्पर्श करूनही भानावर येत नाही आणि दिवसात असे अनेकदा होते. तो अपस्माराचा सौम्य भासणारा प्रकार असू शकतो. दमा वा हृदयविकार नसल्यास अशा मुलास समोर बसवून सुमारे तीन मिनिटे भिरभिरे फुंकावयास लावावे. झटका कित्येकदा तेथेच प्रकट होतो. तसे दिसल्यास मज्जाविकार तज्ज्ञांकडे पाठवण्यास विलंब करू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्याच्या तपासणीसूचीत अवधानन्यूनता आहे, आणि फिरत्या पथकांतील दोन्ही चिकित्सक आयुष पदवीधर असतात. म्हणजे शाळेच्या ओसरीवर हे मूल प्रथम पाहणारा बहुधा आपलाच वैद्यबंधू वा भगिनी. मात्र ही पथके अंगणवाड्या आणि शासकीय व अनुदानित शाळांत जातात. खासगी विनाअनुदानित शाळांतील मुलांसाठी घरचा वैद्य हीच पहिली पायरी.

चिकित्सेविषयी थोडेच. सहा वर्षांखालील मुलांत प्रथम पालकांना वर्तनाचे प्रशिक्षण द्यावे. मनोविकार तज्ज्ञांनी औषध सुरू केले असल्यास ते आपण परस्पर थांबवू नये. अभ्यंग, नियमित निद्रा, वेळेवर आहार यांनी मूल सावरते, पण तेवढ्याने विकार गेला असे पालकांस सांगू नये. आणि एक अप्रिय गोष्ट. शिसे बालकाच्या मेंदूस व अवधानास बाधक आहे. नीडलमन यांनी १९७९ मध्ये मुलांच्या दुधाच्या दातांतील शिसे मोजून वर्गातील वर्तनाशी त्याचा संबंध दाखवला. २००४ मध्ये बॉस्टन परिसरातील दुकानांत घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळले. ‘आमची भस्मे शास्त्रोक्त’ असे म्हणून हा विषय मिटत नाही. लक्ष लागावे म्हणून दिलेल्या पुडीत नागभस्म असणे, किंवा घटक न छापलेले ‘बुद्धिवर्धक’ चूर्ण मुलास देणे, आम्ही सर्वथा त्याज्य मानतो.

आता आम्ही पहिल्या भेटीतच शाळेच्या वह्या आणावयास सांगतो. ज्याच्यासाठी पालक आले त्याच्याच नव्हे, तर बाकावर बसलेल्या भावंडांच्याही.