खाडीपाशी थांबणारी वाट

मुलांनो, पिपरी मेघे हे गाव वर्ध्याच्या शेजारी. समुद्र तेथून फार दूर. तेथील एखादे दांपत्य संसार थाटलेली मोटार घेऊन कोकणकिनाऱ्याने निघाले, तर त्यांस काय दिसेल? नारळी-पोफळींतून जाणारी वाट पुनःपुन्हा खाडीपाशी थांबते. सह्याद्रीवरून आलेल्या सावित्री, वाशिष्ठी व शास्त्री या नद्या अनुक्रमे बाणकोट, दाभोळ व जयगड येथे समुद्रास मिळतात. जेथे पूल नाही, तेथे मोटारच फेरीबोटीत चढते. कितीही घाई असली, तरी बोट येईपर्यंत थांबावेच लागते. मग मोटार आणि कोळिणीची टोपली एकाच बोटीतून पैलतीर गाठतात. घर बरोबर असले, तरी परक्याच्या हातभारावाचून प्रवास पुरा होत नाही.

स्वाध्याय : वरील नद्या नकाशात दाखवा.