वाशीमचे ताम्रपट

वाशीम येथें १९३९ सालीं वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याचे ताम्रपट उजेडांत आले. हें चौथ्या शतकांतील दानपत्र वत्सगुल्म, म्हणजे आजचें वाशीम, येथून दिलेलें आहे. त्यांत वंशावळ संस्कृतांत, तर दानाचा मजकूर प्राकृतांत आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यावरील झिजलेल्या शिलालेखांत या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन याचें नांव पूर्वीं नीट वाचतां आलें नव्हतें. ताम्रपटानें तें स्पष्ट केलें. दोन साक्षी जुळल्या म्हणजे इतिहास उभा राहतो.

परंतु प्रिय वाचकहो, ताम्रपट राजाज्ञेनें लिहिला जातो. नांगरणाऱ्याचें सुखदुःख त्यांत नसतें. म्हणून लेख कोणीं व कशासाठीं लिहिला, हें आपण आधीं विचारावें. शेतांत अक्षरांचा पत्रा सांपडल्यास तो मोडींत न विकतां तहसिलींत दाखवावा, अशी आमची विनंति आहे. वितळविलेली साक्ष पुन्हां बोलत नाहीं.