नाममुद्रा आणि प्रतिरूपक-व्यवहार
अस्सलाच्या नावे नक्कल खपविणे म्हणजे प्रतिरूपक-व्यवहार. तत्त्वार्थसूत्राने तो अचौर्यव्रताच्या पाच अतिचारांत गणला आहे. आंतरजालावरील बाजारात तो नव्या रूपाने अवतरला आहे. परका विक्रेता आपण सिद्ध केलेल्या मालनोंदीलाच चिकटतो. छायाचित्रे आपली, ग्राहकांचे अभिप्राय आपले, माल मात्र त्याचा, आणि बोल आपल्या पेढीला! फ्लिपकार्टवरील अशा एका दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ साली, मालकाच्या संमतीवाचून असे चिकटू देण्यास अंतरिम मनाई केली. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ अन्वये नाव नोंदविल्यास दहा वर्षे संरक्षण लाभते. पुढे नूतनीकरणही होते. नोंदणी नसली तरी दाद मागता येते, पण मग पूर्वापार वापर व नावलौकिक पुराव्याने सिद्ध करावा लागतो. व्यापारी बंधूंनी निदान जुनी बिले, लेबले व जाहिराती दिवाळीच्या सफाईत रद्दीत घालू नयेत.