नगररचना व शेजारधर्म

आपल्याकडील जुन्या गांवाची ठेवण ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस एक गोष्ट सहज आठवेल. पिण्याच्या पाण्याची विहीर एका बाजूस, गुरांचें पाणी तिच्याहून खालच्या अंगास, खळीं वस्तीबाहेर वाऱ्याच्या जागीं, स्मशान नदीकांठीं, आणि गायरान सर्वांचें. ही आखणी कोणा अभियंत्यानें कागदावर केलेली नव्हती. ती रूढीनें झालेली होती. एकाच्या उद्योगाचा दुसऱ्यास उपद्रव होऊं नये, आणि सर्वांस लागणारी जागा कोणा एकाच्या घशांत जाऊं नये, या दोन विचारांवर ती उभी होती. यासच आपण शेजारधर्म म्हणतों.

परंतु त्याच रूढीनें कांहीं माणसांस गांवकुसाबाहेर ठेविलें व पाणवठाही त्यांस बंद केला, हें येथेंच सांगितलें पाहिजे. जागेची वांटणी करतां करतां तिनें माणसांचीच वांटणी केली. म्हणून नगररचनेचा विचार करतांना आपण दोन प्रश्न नेहमीं विचारावे : हा नियम कोणत्या कामास कोठें जागा देतो? आणि तो कोणा माणसास बाहेर तर ठेवीत नाहीं ना? हेच दोन प्रश्न बरोबर घेऊन आम्ही या लेखांत एका वाढत्या उपनगरी शहराची ओळख करून देणार आहों.

शहरांत शेजारी शेजाऱ्यास ओळखीत नाहीं. तेथें रूढीचें बळ चालत नाहीं व तिची जागा कायद्यास घ्यावी लागते. आपल्या प्रांतास हा धडा मोठी किंमत देऊन शिकावा लागला. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली. ज्या चाळींत उजेड व वारा शिरत नव्हता, जेथें एकेका खोलींत अनेक माणसें दाटीनें राहात होतीं, तेथें तिनें कहर केला. पुढें १८९८ सालीं कायदा होऊन ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ नांवाचें मंडळ स्थापन झालें. त्यानें दाट वस्तींतून सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले व उत्तरेस दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आंखल्या. तेथील झाडांच्या सावलीचे रस्ते व मध्यें राखलेलीं उद्यानें आजही पाहावयास मिळतात. मात्र ज्यांचीं घरें मोडलीं, त्यांपैकीं पुष्कळ गरिबांस नव्या घरांचें भाडें परवडलें नाहीं. ते दुसऱ्या चाळींत दाटीनें शिरले. पहिल्या प्रश्नाचें उत्तर ट्रस्टनें चांगलें दिलें. दुसऱ्याचें मात्र त्यास देतां आलें नाहीं.

१९१५ सालीं मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा झाला. हिंदुस्थानांतील या विषयाचा हा पहिला कायदा होय. वेड्यावांकड्या शेतजमिनी एकत्र करून त्यांतून रस्ते व मोकळ्या जागा काढाव्या, आणि उरलेली जमीन नीट भूखंड पाडून मूळ मालकांस परत द्यावी, ही त्यांतील मुख्य युक्ति होती. आज आपल्या राज्यांत १९६६ सालचा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम लागू आहे.

आतां पुण्याच्या वायव्येस पवना नदीच्या कांठीं जाऊं. चिंचवड हें मोरया गोसावींच्या समाधीमुळें प्रसिद्ध असलेलें जुनें गांव. त्याच्या शेजारीं पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाल्यावर या भागांत कारखान्यांची रांगच लागली. १९७० सालीं पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी हीं गांवें मिळून एक नगरपालिका झाली. १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली. १९९७ सालीं भोंवतालचीं आणखी गांवें तींत आलीं. २०११ च्या शिरगणतींत येथील लोकसंख्या सतरा लक्षांवर भरली. जेथें ज्वारी-बाजरीचीं शेतें होतीं, तेथें एका माणसाच्या हयातींत महानगर उभें राहिलें.

कारखान्यांत काम करणाऱ्यांस राहावयास नीट घर मिळावें म्हणून १९७२ सालीं येथें नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालें. त्यानें निगडीच्या बाजूस जमीन घेऊन ‘सेक्टर’ पाडले, रस्ते आंखले, आणि शाळा, बाग, दवाखाना व बाजार यांस जागा राखल्या. २०२१ सालीं ही संस्था विलीन झाली. पण त्या वस्तीस लोक अजून ‘प्राधिकरण’ असेंच म्हणतात.

अशा शहराच्या वाढीस वळण लावणारा जो लेख, त्यास विकास आराखडा म्हणतात. प्रत्येक नगरसंस्थेनें तो करावयाचा व वीस वर्षांतून एकदां तरी सुधारावयाचा, असा कायदा आहे. त्याचा नकाशा पाहून विद्यार्थ्यांनीं घाबरण्याचें कारण नाहीं. ज्यास भूगोलाचा नकाशा वाचतां येतो, त्यास हाही वाचतां येईल. त्यांत पिवळा रंग बहुधा निवासी विभागाचा, जांभळा कारखान्यांचा व हिरवा शेतीचा असतो. कारखान्याचा धूर, यंत्रांचा आवाज व मालमोटारींची वर्दळ घरांपासून दूर राहावी, हा या विभागणीचा हेतु. तरी ती अतिरेकास नेली जात नाहीं. किराणा दुकान, डॉक्टरांचा दवाखाना, बालवाडी हीं घराजवळच हवींत, म्हणून निवासी विभागांत त्यांस मुभा असते.

विभागांहून महत्त्वाचीं तीं आरक्षणें. कोणती जागा शाळेसाठीं, कोणती मैदानासाठीं, रुग्णालयासाठीं, मंडईसाठीं किंवा अग्निशामक केंद्रासाठीं, हें आराखड्यांत आधींच लिहून ठेविलेलें असतें. शिवाय आपल्या राज्यांतील सध्यांच्या नियमांप्रमाणें चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठी जमीन विकसित करणारानें तिचा दहावा हिस्सा खेळण्या-बसण्यासाठीं मोकळा ठेवावा लागतो. आरक्षण म्हणजे पुढच्या पिढीस दिलेलें वचन होय. आज ज्या मुलाचा जन्म झाला, त्याच्या शाळेची व क्रीडांगणाची जागा त्याला चालतां येण्यापूर्वीं राखलेली असावी, एवढेंच तें वचन आहे.

तें पाळलें जातें काय? येथें आपणांस दोन माणसांकडे पाहिलें पाहिजे. पहिला शेतकरी. त्याच्या जमिनीवर मैदानाचें आरक्षण पडलें, कीं त्यास तेथें घर बांधतां येत नाहीं. आणि नगरसंस्थेनें जमीन घेतली नाहीं, तर त्यास मोबदलाही मिळत नाहीं. सर्वांच्या सुखाचा भार एकट्यानें वाहावा हें न्यायाचें नव्हे. म्हणून कायद्यानें मर्यादा घातली आहे. अंतिम आराखडा अमलांत आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाहीं, तर मालकास नोटीस देतां येते. त्यानंतरच्या ठराविक मुदतींतही संपादनाचीं पावलें पडलीं नाहींत, तर आरक्षण रद्द होतें. नियम योग्य आहे. पण त्याचा परिणाम असा कीं, नगरसंस्था आळसावली तर शेतकरी सुटतो आणि मूल मात्र मैदानास मुकतें. दोघांसही न्याय देण्याचा मार्ग एकच : वेळेवर जमीन घेणें व तिचा उचित मोबदला देणें.

दुसरा माणूस कामगार. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोंकण येथून पोट भरावयास आलेल्या पुष्कळांस नियोजित वसाहतींतील घर परवडलें नाहीं. त्यांनीं जुन्या गांवांच्या कडेस अर्धा गुंठा, एक गुंठा जमीन घेऊन परवानगीवांचून घर बांधलें. अर्धा गुंठा म्हणजे सुमारें पांचशें पंचेचाळीस चौरस फूट. अशीं हजारों घरें या शहरांत झालीं. तेथील कित्येक गल्ल्या इतक्या अरुंद आहेत, कीं आग लागली असतां बंब दारापर्यंत पोंचूं शकत नाहीं. नियम मोडला हें खरें. पण ज्या आराखड्यांत गरिबाच्या ऐपतीचें घर नसतें, तो गरिबाकडून मोडला जाणारच, हेंही तितकेंच खरें. मुंबईच्या ट्रस्टला जो प्रश्न सुटला नाहीं, तोच येथें पुन्हां उभा राहिला. तेव्हां अशा वस्तींस केवळ दोष देऊन भागणार नाहीं. तेथें रस्ता, पाणी, सांडपाण्याची वाट व बंबाची वाट कशी पोंचवावी, हें नगरसंस्थेनें व नागरिकांनीं मिळून ठरविलें पाहिजे.

यांत आपलें काम काय? १९९३ सालीं अमलांत आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें नगररचना, जमिनीच्या वापराचें नियमन, सार्वजनिक आरोग्य, अग्निशमन, उद्यानें व क्रीडांगणें हे विषय नगरसंस्थांचे म्हणून घटनेंत नोंदविले आहेत. आराखड्याचा मसुदा झाला, कीं तो लोकांपुढें मांडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात, आणि त्या ऐकून घ्याव्या लागतात. ही मुदत दिवसांची असते. तिचे परिणाम मात्र दहा-वीस वर्षें भोगावे लागतात. ज्याची जमीन आरक्षणांत जाते, तो या मुदतींत धांवत जातो. ज्यांचें मैदान जावयाचें असतें, त्या मुलांच्या वतीनें बहुधा कोणीच जात नाहीं. पालकांनीं हें ध्यानांत धरावें, अशी आमची विनंति आहे.

विद्यार्थ्यांसाठीं एक पाठ देतों. सुटींत आपल्या प्रभागाचा साधा नकाशा काढा. घरापासून शाळा, दवाखाना, मैदान, मंडई व अग्निशामक केंद्र येथें पायीं जाण्यास किती मिनिटें लागतात तें त्यांत लिहा. मग आराखड्याचा नकाशा मिळवून तो शेजारीं ठेवा. राखलेल्या जागेवर खरोखर काय उभें आहे, हें पाहा. आणि हें सर्व झाल्यावर, ज्यांच्या गल्लींत बंब शिरत नाहीं, अशा एखाद्या वर्गबंधूच्या घरीं जाऊन तोच नकाशा त्याच्या बाजूनें पुन्हां काढा.

प्रभु येशूनें सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आपल्या शाळेंत सर्वांस ठाऊक आहे. शेजारी तो नव्हे, कीं ज्याची भिंत आपल्या भिंतीस लागलेली असते. तर जो वाटेंत पडलेल्यास पाहून थांबतो, तो शेजारी. शहराचा नकाशाही अशाच थांबून पाहणाऱ्या डोळ्यांनीं वाचावयाचा असतो. अशीं वाचणारीं मुलें ज्या शहरांत वाढतील, तेथें राखलेल्या जागा राखल्या जातील, आणि त्या जागांभोंवतीं कोणासही बाहेर ठेवणारें कूस पुन्हां उठणार नाहीं, असा आम्हांस भरंवसा वाटतो.