प्रश्नातून विद्या, कामातून कौशल्य
पुणे जिल्ह्यातील पाबळ हा अवर्षणग्रस्त भाग. तेथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. विहीर कोठे खणावी, हा शेतकऱ्याचा प्रश्नच तेथे विद्यार्थ्यांचा पाठ झाला. या पाहणीत जमिनीत एका रेषेत चार सळया रोवतात. बाहेरील दोहोंतून विद्युत्प्रवाह सोडून आतील दोहोंमधील विभवांतर मोजतात. सळयांतील अंतर वाढविले म्हणजे प्रवाह अधिक खोल जातो. पाणी धरणाऱ्या भेगाळ खडकाचा विद्युत्‌रोध कोरड्या, अभंग कातळाहून कमी असतो. अशा रीतीने ओहमचा नियम शेतात प्रत्यक्ष उपयोगी पडतो. मोजमाप चुकले तर विहीर कोरडी निघून शेतकऱ्याचा पैसा मातीत जाण्याचा संभव असतो. ही जाणीव विद्यार्थ्यास प्रत्येक नोंद पुन्हा ताडून पाहण्याची सवय लावते.