अल्पदाब यंत्रणांचा तंत्रज्ञ

शाळेच्या फाटकावरील कॅमेरा, रुग्णालयातील आगीची सूचना देणारी घंटा, ग्रामपंचायत कार्यालयातील दूरध्वनी व इंटरनेटचे जाळे यांच्या तारांतून बहुधा १२, २४ किंवा ४८ व्होल्ट एवढ्याच दाबाची वीज वाहते. वीजवितरणाच्या परिभाषेत घरातील २३० व्होल्टच्या पुरवठ्यासही ‘लघुदाब’ म्हणतात. येथे अभिप्रेत असलेला दाब त्याहून कितीतरी कमी आहे. अशा तारेला हात लागला तरी सहसा धक्का बसत नाही. त्यामुळे हे काम कोणालाही जमण्याजोगे आहे असा समज रूढ झाला असून तो महागात पडतो.

दाब जितका कमी, तितका तारेच्या लांबीचा हिशेब काटेकोर ठेवावा लागतो. समजा, १२ व्होल्टचा कॅमेरा पुरवठ्यापासून ६० मीटरवर आहे आणि तांब्याच्या तारेचा छेद ०.५ चौरस मिलिमीटर आहे. जाण्यायेण्याची मिळून लांबी १२० मीटर होते व तिचा रोध सुमारे ४ ओहम भरतो. दिवसा कॅमेऱ्याने पाव अँपिअर प्रवाह घेतला, तर वाटेत १ व्होल्ट खर्ची पडतो. चित्र स्वच्छ दिसते. अंधार पडताच त्यातील अवरक्त दिवे लागतात, प्रवाह दुप्पट होतो आणि कॅमेऱ्यापाशी जेमतेम १० व्होल्ट पोचतात. मग तो वारंवार बंद पडू लागतो, आणि तोही नेमका रात्री. कंत्राटदाराचे देयक मात्र दिवसाचे चित्र पाहून मंजूर झालेले असते! तांब्याचा केवळ मुलामा असलेली ॲल्युमिनिअमची स्वस्त तार वापरली असल्यास ही तूट आणखी वाढते. जाणता तंत्रज्ञ जाड तार घालतो किंवा पुरवठाच कॅमेऱ्याजवळ नेतो, आणि दिवे लागलेले असताना शेवटच्या टोकाला मीटर लावून पाहतो.

आगसूचक यंत्रणेतील चूक याहून गंभीर असते. पारंपरिक यंत्रणेत तारेच्या अगदी शेवटी एक लहानसा रोधक जोडतात. त्यातून सतत अल्प प्रवाह फिरत राहतो. उंदराने तार कुरतडली की तो खंडित होतो व फलकावर बिघाडाचा दिवा लागतो. हाच रोधक घाईने फलकाच्या पेटीत बसविला, तर पुढे तार कोठेही तुटली तरी फलक सारे ठीक असल्याचेच दाखवितो. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयातील आगीत १० बालके दगावली, त्यानंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. अशा तपासणीत हिरव्या दिव्यावर समाधान मानून चालत नाही. शेवटच्या सूचकाची तार क्षणभर सोडवून फलक बिघाड दाखवितो किंवा नाही, हे अधिकाऱ्यांनी आपल्यासमोर करवून घ्यावे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम या व्यवसायाचा पाया होऊ शकतो. मोजमापाची सवय मात्र प्रत्यक्ष कामावरच लागते.

काम ताब्यात घेताना प्रत्येक टोकाला मोजलेल्या दाबाची नोंद आणि तारांचा नकाशा मागून तो दप्तरी ठेवावा. भिंतीला रंग लागल्यावर तार कोठून गेली, हे ती टाकणाऱ्यालाही आठवत नाही.